कमी साखरेचा जॅम आणि माझा उजवा पाय

पायावर उकळता जॅम सांडला आणि मला ते कळलं नाही. माझ्या आजारपणाची सुरुवात खरं तर त्याच्या कितीतरी आधी झाली असणार, पण मला ते समजलं त्या दिवशी. म्हणून तिथूनच सांगते.

मे महिना होता. कसबा बावड्यात आमच्या घराच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिथं मोठी शेगडी मांडून मी जॅम करते. त्या दिवशी आंब्याचं शेवटचं भांडं उतरवायचं होतं. जॅम आळत आला की त्याचे बुडबुडे फुटून बाहेर उडतात आणि अंगावर पडला की तो चिकटून बसतो. पाण्याचा चटका परवडला, पण जॅमचा नको. भांडं कलंडवून बाटल्या भरताना पळीभर जॅम माझ्या उजव्या पायावर पडला. मी अनवाणी होते. बाटल्या भरून झाल्या, झाकणं लावली, भांड्यात पाणी ओतून ठेवलं आणि घरात आले.

माझी सून प्राजक्ता फरशीवरचे पिवळे डाग बघत माझ्या मागोमाग आली. ती मला आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामाच म्हणतात.

"आत्या, पायाला काय लागलंय तुमच्या?"

खाली बघितलं तर करंगळीवर आणि तिच्या शेजारच्या बोटावर जॅम वाळून बसलेला. ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर जॅमबरोबर कातडीही निघून आली. तरीही दुखलं नाही. प्राजक्ताचा चेहरा पांढराफटक पडला. मी उलट तिचीच समजूत घालत होते, की दुखत नाही म्हणजे फार लागलेलं नसणार.

घरातली साखर

माझं नाव सुनंदा. माहेर पन्हाळा तालुक्यातलं कोडोली. लग्न होऊन बावड्याला आले त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्या मोजण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. घरात साखर कायम पोत्यानं. साखर संपली म्हणून कधी शेजारी वाटी घेऊन जावं लागलं नाही.

मुलगा सचिन कॉलेजात गेला तेव्हा दुपारचा वेळ खायला उठायचा, म्हणून मी जॅम करायला लागले. आधी घरापुरता, मग भिशीतल्या बायकांना, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना. फळाच्या गराइतकी साखर, हे माझं माप. चव बघायला दर थोड्या वेळानं चमचा तोंडात. दिवसभरात असे किती चमचे पोटात जात होते ते मी कधी बघितलं नाही.

दोनेक वर्षं तळपायाला मुंग्या यायच्या. कधी कापसावर चालल्यासारखं वाटायचं, कधी पाय नुसते भणभणायचे. सतत उभं राहून होतंय असं मी समजत होते. चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि मी तशीच पुढं जायची. प्राजक्ता हसायची आणि मीही हसायची.

डोळे मिटून

डॉक्टर आमच्या ओळखीचेच, बावड्यातले. त्यांनी जखम बघितली, स्वच्छ केली, आणि मग जखमेचं सोडून दुसरंच विचारायला लागले. तहान लागते का, लघवीला किती वेळा जाता, वजन उतरलंय का. बोटाला टोचून साखर बघितली. यंत्रावरचा आकडा मी इथं लिहीत नाही. लिहिला, की वाचणारा लगेच आपल्या आकड्याशी ताडून बघतो आणि एक तर घाबरतो नाही तर निर्धास्त होतो. दोन्हीचा उपयोग नाही.

मग त्यांनी मला पलंगावर पाय लांब करून बसवलं आणि सांगितलं, "काकू, डोळे मिटा. मी पायाला बारीक टोचतो. टोचलं की हो म्हणा."

मी डोळे मिटले. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर कुणीतरी नंबर विचारत होतं. बराच वेळ काही होईना, म्हणून मीच विचारलं की कधी सुरू करताय.

"झालं माझं," ते म्हणाले.

डोळे उघडले तर सोबत आलेले आमचे हे खुर्चीतून उठून उभे राहिलेले. त्यांनी सगळं बघितलं होतं. टोचणी कुठं कुठं लागली ते त्यांना दिसलं होतं आणि मी गप्प बसून होते तेही. मी बऱ्याच गोष्टी विसरले, पण त्यांचा त्या वेळचा चेहरा विसरले नाही.

डॉक्टरांनी समजावलं, की साखर बरीच वर्षं वाढलेली असणार आणि तिनं पायाच्या नसा बधिर केल्या आहेत. आता ही जखम भरणं हे पहिलं काम. मी विचारलं, गोळ्या घेतल्या की बरं होईल ना. त्यांनी 'बरं' हा शब्दच वापरला नाही, 'ताब्यात ठेवू' म्हणाले. तो फरक कळायला मला पुढं बरेच महिने लागले.

घरी आलो. हे गाडी लावून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुला कळलं न्हाई व्हय गं? एवढं टोचलं त्यांनी." त्यात राग नव्हता. मी नाही म्हणाले आणि आत जाऊन कुकर लावला. काहीतरी करायला हवं होतं.

दवाखाना

गोळ्या सुरू केल्या, ड्रेसिंग सुरू केलं, पण जखम भरेना. बोटं सुजली, मग रंग बदलला. एके दिवशी ड्रेसिंग सोडताना वास आला आणि ताप भरला. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं त्यांनी मला ठेवूनच घेतलं.

दवाखान्याची एक लय असते, ती लवकर अंगवळणी पडते. सकाळी बोटाला टोचणं, मग इन्सुलिन, मग नाश्ता. नाश्ता आवडला नाही तरी संपवायचा, कारण इन्सुलिन घेऊन उपाशी राहणं वाईट. मग ड्रेसिंगची ट्रॉली. तिच्या एका चाकाचा आवाज यायचा. तो पलीकडच्या खोलीतून जवळ येत गेला की मी भिंतीकडं तोंड फिरवायची. दुखण्याची भीती नव्हती, दुखतच नव्हतं. स्वतःचा पाय बघायची भीती होती. इतर बायका ड्रेसिंगच्या वेळी कण्हायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मला वेड लागलंय असं ऐकणाऱ्याला वाटलं असतं.

बिनसाखरेचा चहा पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना. चौथ्या-पाचव्या दिवशी मी तो मागून घेऊ लागले. जीभ इतक्या लवकर बदलते हे मला खरंच माहीत नव्हतं. ज्यांना मधुमेहाचं नुकतंच कळलंय, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

शेजारच्या खाटेवर शहनाजभाभी होत्या. माझ्याच वयाच्या, शहरात ब्लाउज शिवायचं काम करणाऱ्या. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. चादर अशी पांघरायच्या, की नवीन माणसाला पटकन कळायचं नाही. त्यांच्याकडं बघायला मी आधी टाळायचे. मग एकदा त्यांनी माझ्या गाऊनचं उसवलेलं काखेचं टोक बघितलं आणि काढा इकडं म्हणाल्या. उशीखाली सुई-दोरा होताच. टाके घालता घालता बोलणं सुरू झालं, ते थांबलंच नाही. सुना, भाड्याचं घर, कोल्हापुरातले कापडाचे दुकानदार, पांढऱ्या रश्श्यात काय घालावं आणि काय घालू नये, सगळं. गोडाचा विषय मात्र दोघीही काढत नव्हतो.

खाटेभोवतीची भांडणं

सर्जन बाईंनी सांगितलं, की दोन बोटं काढावी लागतील. करंगळी आणि शेजारचं. आता काढली तर एवढ्यावर भागेल असं त्यांना वाटत होतं. थांबलो तर विष वर चढेल, मग बोटांवर भागणार नाही.

त्या दुपारी माझ्या खाटेभोवती सगळे जमले. कोडोलीहून माझा भाऊ विलास आला होता. त्याच्या ओळखीचा एक माणूस झाडपाल्याचा लेप देतो, त्यानं कित्येकांचे पाय वाचवलेत असं तो सांगत होता. सचिनला मला पुण्याला न्यायचं होतं. हे म्हणत होते आठवडाभर थांबू, औषध बदलून बघू. मग आवाज चढले. आईला एवढं उभं राहून काम कुणी करू दिलं, इथपर्यंत विषय गेला. सचिन वडिलांना बोलला, हे सचिनला बोलले, आणि प्राजक्ता डबा हातात धरून कोपऱ्यात उभी राहिली. मला कुणी काही विचारलं नाही. शेवटी सिस्टर आल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

खोली शांत झाल्यावर शहनाजभाभींनी मला हाक मारली. मी तिकडं बघितलं. त्यांनी चादर बाजूला केली. पट्टीत गुंडाळलेला अर्धा पाय त्यांनी पहिल्यांदाच असा उघड दाखवला.

"ताई, नीट बघा. मलाबी आधी बोटंच सांगितलीती," त्या म्हणाल्या. "मी न्हाई म्हटलं. घरात लगीन होतं. लंगडत कुठं मिरवू म्हणून लेप लावत बसले. बोटं द्या तुम्ही. पाय ठेवा."

मी त्यांना विचारलं, की बोटं काढली की चालता येतं का. त्यांनी सांगितलं, की ते त्यांना कसं माहीत असणार, त्यांचं तर सगळंच गेलं. आणि त्या हसल्या. मला हसू आलं नाही. पण मी सिस्टरांना बोलावून सांगितलं, की डॉक्टर बाईंना निरोप द्या, सही मी स्वतः करणार आहे. बाहेर जाऊन घरच्यांनाही त्यांनीच सांगावं अशी विनंती केली. तेवढी ताकद माझ्यात नव्हती.

विलास रागावून कोडोलीला निघून गेला. आमचे हे येऊन खाटेच्या कडेला बसले आणि माझ्या चांगल्या पायावर हात ठेवून बसून राहिले. त्या पायालाही तो हात नीट जाणवत नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

बघणं

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. कमरेखाली बधिर केलं होतं, बाजूला हिरवा पडदा होता, आणि कुणीतरी सुट्टीत गावाला कधी जायचं यावर बोलत होतं.

नंतर पाय बघायचा धीर होईना. वॉर्डातल्या एका सिस्टरांच्या ते लक्षात आलं. ड्रेसिंगच्या वेळी त्या माझ्या गुडघ्यांवर एक टॉवेल उभा धरायच्या, पडद्यासारखा. एका हातानं टॉवेल धरून दुसऱ्या हातानं मदत करणं किती अवघड, पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही आणि कधी आता बघा असंही म्हटलं नाही. एक दिवस मीच म्हटलं, टॉवेल खाली घ्या. बघितलं. वाटलं होतं तेवढं भयंकर नव्हतं. कडेला मोकळी जागा होती. मी बराच वेळ बघत राहिले आणि मग मला भूक लागली.

शहनाजभाभींना माझ्या आधी घरी सोडलं. जाताना त्यांनी माझा नंबर घेतला.

घर

घरी आल्यावर अवघड जाईल असं कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात सगळे आजारी असतात, घरी आपण एकटेच.

आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरातलं गोड म्हणून जे काही होतं ते हलवलं होतं. साखरेचं पोतं शेजारी दिलं, गुळाची ढेप दिली. प्राजक्ता बिचारी आपल्या चहापुरती ठेवलेली साखर घालायला खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. सचिन बिस्किट खाताना मी आले की पुडा खिशात घालायचा. पाहुणे यायचे, पायाकडं बघायचे, आणि आपापल्या नात्यातल्या मधुमेहवाल्यांचं काय काय झालं ते सांगून जायचे. मी त्यांच्यासमोर हसून मान हलवायची आणि ते गेले की प्राजक्तावर चिडायची. ती ऐकून घ्यायची. एकदा मात्र तिनं ऐकून घेतलं नाही. ती म्हणाली, की आत्या, मलाही भीती वाटते, पण मी ती कुणावर काढू. मी तिच्या हातातलं निवडायचं ताट घेतलं आणि मेथी निवडत बसले.

मग मला कळलं, की माझं जॅमचं मोठं भांडं घरात नाही. ह्यांनी ते बिद्रीच्या नणंदेला देऊन टाकलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, आता त्याचं काय काम. त्या दिवशी मी पहिल्यांदा आवाज चढवला.

"बोटं गेल्यात माझी, हात न्हाई गेलं."

ते म्हणाले, "मला जॅम नको, तू पायजेस. डोळं मिटून बसलीवतीस आणि तुला कळत न्हवतं. मी रोज तेच बघतोय."

त्यांच्या मनात इतके महिने तेच चाललं होतं, हे मला तेव्हा समजलं. मी त्यांना भांड्यावरून आणखी काही बोलले नाही. ते भांडं बिद्रीलाच राहिलं. नणंद त्यात दूध तापवते.

पेरू

थंडीत विलास आला. माझ्यावरचा राग कधीच गेला होता, पण यायला त्याला निमित्त हवं होतं. कोडोलीच्या शेताच्या बांधावरचे पेरू पोतं भरून घेऊन आला. "आक्का, एवढं पेरू आमी खाणार तरी किती," म्हणाला आणि पोतं ओट्याखाली ठेवलं. घरभर वास सुटला.

दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी मला पेरू खायला बंदी केली नव्हती, मापात खा म्हणाल्या होत्या. मी त्यांना फोन करून विचारलं, की कमी साखरेचा जॅम केला तर चालेल का. त्या म्हणाल्या, की फळाचीसुद्धा साखर असतेच, तुम्ही वरून घाला किंवा नका घालू. चहाचा एक चमचा, भाकरीबरोबर, आणि तो जेवणातच धरायचा. जॅम कमी साखरेचा आहे म्हणून दोन चमचे, असं नाही. हे वाक्य मी आजही सगळ्यांना सांगते.

मग मी खुर्ची घेऊन ओट्यापाशी बसले. पायात मऊ, पुढून बंद बूट. आता आंघोळ सोडली तर मी घरातही अनवाणी नसते.

पहिल्यांदा साखर अजिबातच घातली नाही. चव बरी होती, पण काही दिवसांत बाटलीत पांढरी बुरशी आली. साखर नुसती गोडीसाठी नसते, ती जॅम टिकवते आणि धरूनही ठेवते. हे मला इतकी वर्षं हातानं माहीत होतं, पण कधी तसा विचार करावा लागला नव्हता. दुसऱ्या वेळी साखरेऐवजी मिळतात त्या गोडीच्या गोळ्या विरघळवून घातल्या. शिजल्यावर जिभेवर कडवट राहिलं, ते सगळं टाकून दिलं. तिसऱ्या वेळी अगदी थोडी साखर घातली, ढवळून ढवळून हात दुखले आणि जॅमचं सरबतच राहिलं.

शेवटी जमलं ते असं. पेरू थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीतून गाळायचे. बिया आणि सालं फेकायची नाहीत. ती मलमलच्या कापडात बांधून त्याच गरात उकळू द्यायची, कारण जॅम धरून ठेवणारा चिकटपणा त्यातच असतो. लिंबाचा रस सढळ हातानं. साखर गराच्या पाव भाग, बस्स. भांडं पसरट घ्यायचं म्हणजे पाणी लवकर आटतं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाकायचा आणि बोटानं सरकवायचा. थेंबाला सुरकुती पडली की उतरवायचा. बाटल्या लहान घ्यायच्या, उकळून घ्यायच्या, आणि जॅम फ्रीजमध्येच ठेवून पंधरा दिवसांत संपवायचा. बाहेर ओट्यावर ठेवायचा हा जॅम नाही.

तो भाकरीवर चमचाभर घेतला तेव्हा पेरू लागला. आधीच्या माझ्या जॅममध्ये साखर लागायची आणि मागून पेरू. जेवणानंतर दोन तासांनी मी बोटाला टोचून बघितलं. हे चष्मा लावून शेजारी उभे. आकडा नेहमीच्या जेवणानंतर येतो त्याच्या जवळपासच होता. त्यांनी बाटलीत चमचा घातला आणि स्वतः चाखला. "आंबट हाय," म्हणाले, आणि परत चमचा घातला.

लेबल

आता जे झालं ते मला लिहायला आवडत नाही, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सचिनला तो जॅम फार आवडला. आईचा उत्साह परत आला म्हणून तो खूश होता. त्यानं मला न विचारता छान रंगीत लेबलं छापून आणली. वर पेरूचं चित्र आणि खाली 'मधुमेहींसाठी खास'. मी म्हटलं, हे बरोबर नाही. तो म्हणाला, आई, असं लिहिलं तरच लोक घेतात, आणि खोटं काय आहे त्यात. बाटल्यांवर लेबलं लागली. मी त्या दिवशी दमले होते, जास्त वाद घातला नाही.

पहिल्या बाटल्यांतली एक मी शहनाजभाभींना पाठवली. सचिन स्वतः त्यांच्या घरी देऊन आला. चार-पाच दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. भाभींची साखर खूप चढली होती, चक्कर येऊन त्या खाली बसल्या, दवाखान्यात नेलं होतं. आता बऱ्या आहेत, पण डॉक्टर विचारताहेत की काय खाल्लं. भाभींनी अख्खी बाटली दोन दिवसांत चमच्यानं खाल्ली होती. लिहिलंच होतं ना मधुमेहींसाठी म्हणून.

मी सचिनला हाक मारली. त्यानं फोन ऐकला आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याला ओरडले नाही. घरात उरलेल्या सगळ्या बाटल्या आम्ही कोमट पाण्याच्या बादलीत ठेवल्या आणि लेबलं सोलायला बसलो. तो, मी आणि प्राजक्ता. ज्यांच्याकडं बाटल्या गेल्या होत्या त्या प्रत्येक घरी त्यानं फोन केला. दोघांनी बाटल्या परत दिल्या. एक बाई त्याला बरंच बोलल्या. तो ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहनाजभाभींकडं गेलो. मला वाटत होतं, की त्या दार उघडणार नाहीत. ज्या बाईनं माझा पाय वाचवला तिलाच मी दवाखान्यात पोचवलं होतं. भाभी मशीनपाशी बसल्या होत्या. कृत्रिम पाय शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला, अजून सवय होत नव्हती म्हणाल्या. सचिननं खाली वाकून माफी मागितली. त्यांनी त्याला उठवलं, पाणी दिलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लेबल वाचून खाल्लं असं मी घरात सांगितलं. खरं सांगू का ताई? वाचलं नसतं तरी खाल्लं असतं. लई दिवसांनी कुणीतरी मला गोड पाठवलं होतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघी त्या दिवशी पहिल्यांदा गोडावर बोललो. काय खावंसं वाटतं, कधी वाटतं, कुणाच्या घरी गेल्यावर रडू येतं. त्यांनी लग्नातल्या शिरखुर्म्याचं सांगितलं, मी पुरणपोळीचं. सचिन उंबऱ्यात बसून ऐकत होता.

आता

आता बाटलीवर मी हातानं लिहिते. पेरू, साखर पाव भाग, दिवसाला एक चमचा, फ्रीजमध्ये ठेवा. कमी विकला जातो, चालतं. फोनवर कुणी विचारलं की हा औषधी आहे का, तर मी नाही म्हणून सांगते. माझी साखर ताब्यात आहे ती गोळ्यांमुळं, इन्सुलिनमुळं, चालण्यामुळं आणि प्राजक्ताच्या स्वयंपाकामुळं. जॅममुळं नव्हे. जॅममुळं फक्त मला परत मी असल्यासारखं वाटतं.

चालताना उजवीकडं किंचित झुकते. लांबचं चालणं होत नाही. रोज आंघोळीनंतर हे माझे दोन्ही तळपाय आरशानं बघतात, बोटांच्या बेचक्यांसकट. सुरुवातीला मला लाज वाटायची. आता आम्ही तेवढ्या वेळात घरचं बोलून घेतो. परवा मीच त्यांना पाय पुढं करायला लावले आणि साखरही तपासून घ्यायला पाठवलं. कुरकुर केली, पण गेले. काठावर आहे म्हणाले डॉक्टर.

गेल्या महिन्यात करवंदं आली. मी शहनाजभाभींना फोन करून जॅम करायला बोलावलं. त्या येतील असं वाटलं नव्हतं. रिक्षा दारात थांबली, सुनेनं हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. तीन पायऱ्या त्या कृत्रिम पायावर एकेक करून चढल्या, प्रत्येक पायरीवर थांबून. स्वयंपाकघरात आल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "तुमी बसा, ढवळायचं माझ्याकडं."

मी बसले. करवंदं निवडत होते, बिया काढत होते. भाभी शेगडीसमोर एका हातानं ओटा धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातानं ढवळत होत्या. मधेच दमलात का म्हणून विचारलं, तर त्या मानेनंच नाही म्हणाल्या. जॅम बशीवर धरेपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत.